'नियमन' म्हणजे आळा घालणे का?

भाषांतरकार: प्रयोगशाळेत घडवलेले, जेमतेम वीस-पंचवीस न्यूक्लिओटाइडांचे (म्हणजे डीएनएच्या साखळीतील दुव्यांचे) डीएनए रेणू प्रतिकारयंत्रणेच्या प्रतिसादाचे 'नियमन' करतात, असे मी लिहिले. मसुदा तपासणाऱ्या सहकाऱ्याने ते खोडून 'उद्दीपन' केले. त्यांच्या मते नियमन म्हणजे आळा घालणे. लेखात मात्र दोन्ही तऱ्हांचे रेणू आहेत. मिथिल हा छोटा रासायनिक गट न जोडलेली सीपीजी जोडी, म्हणजे सी आणि त्यालगत जी ही डीएनएची अक्षरे, असलेले रेणू टीएलआर-९ या, जंतूंचा डीएनए ओळखणाऱ्या ग्राहीला चेतवतात, तर गुणसूत्रांच्या टोकांशी आढळणाऱ्या टीटीएजीजीजी या क्रमाची आवर्तने असलेले रेणू तोच प्रतिसाद शमवतात. दोहोंना सामावणारा शब्द कोणता?

व्युत्पत्तिप्रेमी: 'नियमन'च ठेवावे. ज्या 'यम्' धातूपासून तो शब्द आला, त्यावरूनच सारथ्याला 'यन्ता' म्हणतात, आणि सारथी घोडे आवरतो तसे वळवतो आणि पुढेही नेतो.

वाचक: धातू काहीही सांगो, 'भारनियमन' ऐकत वाढलेल्या माणसाला नियमन म्हणजे वीज जाणेच आठवते. सहकाऱ्याची शंका मला रास्त वाटते.

व्युत्पत्तिप्रेमी: एका सरकारी शब्दासाठी चांगला शब्द टाकून द्यायचा का? माझा आक्षेप निराळाच आहे. या रेणूंना सर्रास 'कृत्रिम' म्हटले जाते, पण कृत्रिम हसू म्हणजे खोटे हसू. म्हणून 'संश्लेषित' लिहावे.

जीवशास्त्राची शिक्षिका: इथे 'कृत्रिम'च अधिक प्रामाणिक आहे. विकरांनी हे रेणू लवकर तोडू नयेत म्हणून त्यांपैकी अनेकांच्या कण्यातील फॉस्फेट गटांमध्ये एका ऑक्सिजनच्या जागी गंधक बसवलेले असते. अमेरिकेत २०१७ मध्ये मान्यता मिळालेल्या हिपॅटायटिस बीच्या एका लसीत परिणाम वाढवण्यासाठी घातलेला २२ न्यूक्लिओटाइडांचा रेणू याच घडणीचा आहे. 'संश्लेषित' म्हटले की निसर्गातलाच रेणू हुबेहूब बनवला, असा समज होतो. आणखी एक सांगते: सीपीजीमधला 'पी' हा फॉस्फेट आहे. मी स्वतः एकदा 'तीन अक्षरांचा क्रम' असे छापू दिले होते, त्याची खंत अजून आहे.

वाचक: 'घडवलेले' हा साधा शब्द कुणालाच का चालत नाही?

व्युत्पत्तिप्रेमी: कारण मूर्तीही घडवलेली असते आणि माणूसही. परिभाषेला एवढा सैलपणा परवडत नाही.

भाषांतरकार: 'घडवलेले' मी ठेवते आहे. पण 'नियमन' की आणखी काही, हे अजून ठरलेले नाही, आणि लेख आज संध्याकाळी द्यायचा आहे.

जीवशास्त्राची शिक्षिका: त्याआधी 'रोगप्रतिकार' हा शब्द लेखात कुठे कुठे आहे ते पाहा. शमवणारे रेणू जिथे उपयोगी पडू शकतात, त्या स्वप्रतिकार विकारांमध्ये तो प्रतिकारच रोग होऊन बसलेला असतो.