‘नॉर्मल’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्नकर्ती, जुळे सोलापूर
एका रक्ततपासणी केंद्राच्या माहितीपत्रकाचा मी मराठी अनुवाद करीत आहे. त्यात ‘नॉर्मल’ हा शब्द अकरा वेळा आला असून मी सगळीकडे ‘सामान्य’ लिहून मोकळी झाले होते. मसुदा आईला वाचायला दिला, तेव्हा ‘आपला अहवाल सामान्य आहे’ या वाक्यापाशी तिने चष्मा काढला आणि म्हणाली, “सामान्य म्हणजे बेताचाच ना? मग डॉक्टरांना दाखवावा लागेल.” तिचे म्हणणे मला खोडून काढता येईना, कारण प्रगतिपुस्तकावरचा ‘सामान्य’ आपणही याच अर्थाने वाचतो. त्याच पत्रकात नॉर्मल सलाइन, नॉर्मल आहार आणि नॉर्मल प्रसूतीही आहे. सगळीकडे चालेल असा एक शब्द आहे का?

निवृत्त गणित शिक्षक, बाळीवेस
असा शब्द मिळणार नाही, कारण मुळात तो इंग्रजीतही एका अर्थाचा नाही. लॅटिनमध्ये ‘नोर्मा’ म्हणजे सुताराचा गुण्या, ज्याने काटकोन तपासतात. भूमितीतला नॉर्मल, म्हणजे काटकोनात असलेली रेषा, याच अर्थाला धरून आहे, आणि प्रकाशाच्या परावर्तनाच्या धड्यात आम्ही त्याला ‘स्तंभिका’ म्हणत आलो. ‘नेहमीसारखा’ हा अर्थ बराच नंतरचा, एकोणिसाव्या शतकात रूढ झालेला. संख्याशास्त्रातील घंटेच्या आकाराच्या वक्राला मराठीत ‘प्रसामान्य’ म्हणतात. आपल्या पत्रकातील सलाइनची तर वेगळीच गंमत आहे, कारण रसायनशास्त्राच्या हिशेबाने ते नॉर्मल नाहीच! मिठाच्या नॉर्मल द्रावणात लिटरमागे सुमारे ५८.५ ग्रॅम मीठ असते आणि सलाइनमध्ये केवळ ९ ग्रॅम. तिथे ‘सामान्य सलाइन’ लिहिणे म्हणजे इंग्रजीतली चूक मराठीत आणून वर तिला प्रतिष्ठा देणे होय.

डॉक्टर, रेल्वे लाइन्स
सरांशी सहमत आहे, परंतु खरी अडचण अहवालातील आकड्यांची आहे. बहुतेक चाचण्यांची ‘नॉर्मल’ मर्यादा निरोगी माणसांच्या मोजमापांतील मधल्या ९५ टक्क्यांवरून ठरवतात, म्हणजे ठणठणीत माणसांपैकीही सुमारे पाच टक्के या मर्यादेबाहेर पडतात. रुग्ण मात्र ‘नॉर्मल नाही’ याचा अर्थ ‘आजारी’ असाच घेतो. ९८.६ अंश फॅरेनहाइट हा निरोगी शरीराच्या तापमानाचा आकडा जर्मन वैद्य वुंडरलिश यांनी १८६८ मध्ये मांडला आणि आजतागायत लोक त्याला दैवी आज्ञा मानतात. मी स्वतः रुग्णांना ‘आकडे ठीक आहेत’ एवढेच सांगतो. लेखी भाषेत ‘अपेक्षित मर्यादेत’ लिहावे, असे सुचवतो.

भाषाशुद्धीचा कैवारी, नवी पेठ
‘अपेक्षित मर्यादेत’ हे स्पष्टीकरण झाले, त्याला प्रतिशब्द म्हणता येणार नाही. ‘प्रसामान्य’ हा तयार शब्द हाताशी असताना आपण तो गणिताच्या पुस्तकात का कोंडून ठेवतो? सावरकरांनी ‘महापौर’ सुचवला तेव्हा तोही लोकांना अवघडच वाटला असेल, आणि आज तो शब्द उच्चारताना कुणाची जीभ अडखळत नाही. वापरल्याशिवाय शब्द रुळत नाहीत.

चादरींचे व्यापारी, साखर पेठ
महापौर एकच असतो, म्हणून चालून गेला. नॉर्मल दिवसातून शंभरदा लागतो. गिऱ्हाईक दुकानात येऊन ‘नॉर्मल साइजची चादर’ मागते, तेव्हा ‘एकेरी की दुहेरी’ हे मला विचारावेच लागते, पण त्या शब्दाने बोलणे तरी सुरू होते. हॉटेलात पोऱ्या ‘थंड की नॉर्मल’ विचारतो. मे महिन्यात सोलापुरात पारा त्रेचाळिसाच्या वर असताना टाकीतून नळाला आलेल्या पाण्याने चहा करता येईल, आणि त्यालाही नॉर्मलच म्हणायचे! अशा वेळी ‘प्रसामान्य पाणी’ मागणारा गृहस्थ मला एकदा पाहायचा आहे. पूर्वी आम्ही ‘साधे’ म्हणत असू आणि ते पुरेसे होते.

शिक्षिका, मंगळवेढा
‘साधे’ हा शब्द मलाही पटतो, मात्र तो पावसाला लावता येत नाही. हवामान विभागाच्या भाषेत देशातील हंगामी पाऊस दीर्घकालीन सरासरीच्या ९६ ते १०४ टक्के झाला की तो नॉर्मल, आणि ही सरासरी ८७ सेंटिमीटर आहे. वर्तमानपत्र ‘यंदा पाऊस सामान्य’ असे छापते, आणि आमच्याकडचा शेतकरी विचारतो की देशाचा पाऊस सामान्य असला तरी माझ्या ज्वारीसाठी सप्टेंबरमध्ये तो पडणार आहे का. तिथे ‘सरासरीइतका’ हाच प्रामाणिक शब्द आहे. प्रसूतीच्या बाबतीत तर आमच्या आजीला प्रतिशब्द शोधावाच लागत नसे. ती ‘सुखरूप मोकळी झाली’ म्हणायची आणि ऐकणाऱ्याला सगळे कळायचे.

सूनबाई, माहेर अमरावती
आमच्या वऱ्हाडात आजोबा ‘नॉर्मल पास’ होते, म्हणजे शिक्षकी पेशाचे प्रशिक्षण घेतलेले. पॅरिसमध्ये १७९४ साली अशी ‘नॉर्मल’ शाळा निघाली आणि तिथून हे नाव पसरले. इथे सासरी मी हे सांगितले, तेव्हा सासरे हसून म्हणाले, “म्हणजे बाकीचे मास्तर अ‍ॅबनॉर्मल होते काय?”

गवंडीकाम करणारा, अक्कलकोट रोड
सरांनी गुण्याचा उल्लेख केला म्हणून लिहितो. भिंतीचा कोपरा बरोबर आला की आम्ही ‘गुण्यात आहे’ म्हणतो. माझ्या वडिलांचे म्हणणे होते की ‘गुण्यागोविंदाने राहणे’ यातला गुण्या हाच. चार भिंती गुण्यात असल्या की घर टिकते. मग ‘अहवाल गुण्यात आहे’ असे लिहायला काय हरकत आहे?

निवृत्त गणित शिक्षक, बाळीवेस
आपल्या वडिलांची व्युत्पत्ती सुंदर आहे, म्हणूनच मला तिचा संशय येतो. गुण्या जर अवजार मानला, तर शेजारचा गोविंद कोणते अवजार आहे?

भाषाशुद्धीचा कैवारी, नवी पेठ
गोविंद हे विशेषनाम आहे आणि गुण्याही तसाच असावा. गुणवंताचे लाडके रूप, जसे रामाचे राम्या.

गवंडीकाम करणारा, अक्कलकोट रोड
मग हे दोघे कुठल्या गावचे, तेही सांगा.

प्रश्नकर्ती, जुळे सोलापूर
सर्वांचे आभार. प्रसूतीच्या ओळीत मी ‘सुखरूप’ घेतला आहे, सलाइनपुढे मिठाचे प्रमाण लिहिले आहे आणि अहवालासाठी डॉक्टरांचे शब्द वापरले आहेत. ‘नॉर्मल आहार’ मात्र अजून तसाच राहिला आहे. आईने त्या जागी पेन्सिलीने ‘भाकरी-भाजी’ असे लिहून ठेवले आहे.

चादरींचे व्यापारी, साखर पेठ
भाकरी कडक की मऊ, तेवढे आईंना विचारून घ्या.