गोदावरीला 'द' लागतो, मग कळसूबाईला का नाही?

गोदाकाठचा: नाशिकच्या आमच्या ट्रेकिंग ग्रुपसाठी इंग्रजी माहितीपत्रक करतोय. तपासणाऱ्या बाईंनी गोदावरीआधी 'द' घातला, कळसूबाईआधीचा उडवला आणि त्याच ओळीत 'हायेस्ट पीक'आधी परत घातला! का म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "कानाला तसंच बरं लागतं." माझ्या कानाला दोन्ही सारखंच. काही धरून चालता येईल असं आहे का?

पुणेरी_पायपीट: शंका आली की 'द' घालायचा आणि पुढे चालायचं. कोण वाचतंय!

फळा_खडू: पायपीटराव, पाहुणे वाचतात हो. सगळी नोकरी इंग्रजी शिकवण्यात झाली, म्हणून राहवत नाही.

नद्या, समुद्र, डोंगररांगा यांना 'द': द गोदावरी, द प्रवरा, द अरेबियन सी, द सह्याद्रीज. एकटं शिखर आणि तलाव यांना नाही: कळसूबाई, आर्थर लेक. याला तर्क शोधू नका, पाठ करा. 'हायेस्ट'चं मात्र कारण आहे. महाराष्ट्रात सर्वांत उंच शिखर एकच, 1646 मीटरचं, म्हणून 'द हायेस्ट पीक'. किल्ल्यांचं म्हणाल तर 'रायगड फोर्ट' नुसतं, पण 'ऑफ' आला की 'द फोर्ट ऑफ रायगड'.

बाकी वाक्यांत आधी मराठीत बोलून बघा. "माथ्यावर एक देऊळ आहे. त्या देवळात..." जिथे सहज 'एक' येतं तिथे बहुधा 'ए', जिथे 'त्या' येतं तिथे 'द'. पण 'माथ्यावर'ला आपण काहीच लावत नाही आणि इंग्रजीत 'ॲट द टॉप' होतं, कारण डोंगराला माथा एकच. माझी मुलं हमखास इथेच अडकायची.

गोदाकाठचा: सर, हे कामाचं आहे. आणि 'ए' की 'ॲन'? एसटीने बारी गावापर्यंत कसं यायचं तेही लिहायचंय.

फळा_खडू: स्पेलिंगकडे बघूच नका. शब्द देवनागरीत लिहा. पहिलं अक्षर स्वर असेल तर 'ॲन', व्यंजन असेल तर 'ए'. एसटी: ॲन एसटी बस. अवर: ॲन अवर, स्पेलिंगमध्ये एच असला तरी. युनेस्को: ए युनेस्को साइट, सुरुवातीला यू असला तरी. आकडेसुद्धा वाचून बघायचे. 8 किलोमीटरची चाल म्हणजे 'एट', तेव्हा 'ॲन'. 6 ची असेल तर 'ए'.

पुणेरी_पायपीट: आमच्या गावाकडे 'यष्टी' म्हणतात. मग?

फळा_खडू: मग तुमच्या गावापुरतं 'ए यष्टी'! नियम उच्चाराचाच आहे, पण पत्रकात नको. गोदाकाठचे, छापण्याआधी मजकूर इथे टाका. 2012 साली वेस्टर्न घाट्स जागतिक वारसा यादीत आले, ते वाक्य असणारच. त्यातल्या घाटांआधीचा 'द' बरेच जण गाळतात.