सावकाश होणारी वाढ आणि थांबलेली वाढ: फरक कसा ओळखायचा?

गटचालक
सर्वांना प्रभूच्या नावाने सलाम.

तरुणांच्या वचन-अभ्यास गटात एक प्रश्न वरचेवर येतो. दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतर मंडळीसमोर विश्वास स्वतः कबूल करण्याचा विधी) होऊन चार-पाच वर्षं झालेली मुलं विचारतात: राग तोच, हेवा तोच, प्रार्थनेत मन लागत नाही, मग देव माझ्यात काम करतोय हे कशावरून? फिलिप्पै 1:6 (ज्याने तुमच्यात चांगलं काम आरंभलं तो ते ख्रिस्ताच्या दिवसापर्यंत पुरं करील) वाचलं की माना हलतात, पण पुढच्या बैठकीला प्रश्न पुन्हा तोच. "धीर धरा" हे उत्तर अपुरं पडतं आणि "अजून जोर लावा" हे कृपेच्या विरुद्ध जातं. वाढ सावकाश चालली आहे की थांबली आहे, हे ओळखायच्या खुणा कोणत्या? आणि गटात रोज करता येईल असं काय द्यावं?

बेरियाकर
फिलिप्पै 1:6 एकटं वाचू नका, त्याला 2:12-13 जोडा. तिथे पौल आपलं तारण भीत व कापत साधून घ्यायला सांगतो आणि लगेच कारण देतो: इच्छा आणि कृती, दोन्ही तुमच्या ठायी घडवणारा देव आहे. देव करतो आहे म्हणूनच तुमच्या करण्याला अर्थ आहे. शिवाय 1:6 मधली मुदत ख्रिस्ताच्या दिवसापर्यंतची, म्हणजे तो परत येईपर्यंतची आहे. मुलं ती मनातल्या मनात पुढच्या ईस्टरपर्यंत आणून ठेवतात आणि मग निराश होतात.

दुसरा उतारा मार्क 4:26-29. हा दाखला फक्त मार्कातच आहे, म्हणून कमी वाचला जातो. पेरणं आणि पीक तयार झालं की विळा घालणं ही दोन कामं माणसाची. मधल्या दिवसांत तो झोपतो, उठतो, आणि बी कसं वाढतं ते त्याला कळत नाही. येशू क्रमही सांगतो: आधी अंकुर, मग कणीस, मग भरलेला दाणा. हुरड्यात आलेलं कणीस कोणी मळणीला नेत नाही, आणि ते वायाही गेलेलं नसतं.

आता खुणा. राग येतो की नाही, हे माप धरू नका. राग आल्यापासून चूक कबूल करेपर्यंत किती वेळ जातो ते पाहा. पूर्वी आठवडा जात असेल आणि आता संध्याकाळपर्यंत माफी मागितली जात असेल, तर काम चालू आहे. माफी मागताना "पण तूही..." जोडलं जातं का, तेही पाहा. तिसरी खूण उलटी असल्यामुळे हमखास चुकीची वाचली जाते: पूर्वी न खुपणारं पाप आता खुपतं, आणि माणसाला वाटतं आपण बिघडलो. पौलाचंही असंच झालेलं दिसतं: तो 1 करिंथ 15:9 मध्ये स्वतःला प्रेषितांत कनिष्ठ म्हणतो, इफिस 3:8 मध्ये सर्व पवित्र जनांत सर्वांत कनिष्ठ, आणि 1 तीमथ्य 1:15 मध्ये पाप्यांत मुख्य.

थांबलेल्या वाढीचं वर्णन इब्री 5:11-14 मध्ये आहे. ऐकण्यात मांद्य आलेलं, शिक्षक व्हायच्या वेळी अजून दुधावर. चौदावं वचन म्हणतं की बऱ्यावाइटाची पारख सरावाने येते. वचन ऐकलं जातंय पण त्यावरून एकही कृती होत नाही, एखादं पाप कुणालाही सांगितलेलं नाही, आणि विचारपूस करणारी माणसं टाळली जातात. हे तिन्ही एकत्र दिसलं तर त्याला "सावकाश" म्हणू नका.

वसईची_वाट
रोज करण्यासारखं म्हणून येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस यांची पद्धत देते. कॅथलिक परंपरेतली आहे, पण कोणत्याही मंडळीत चालेल.

दिवसाच्या आत्मपरीक्षणाचे पाच टप्पे: उपकारस्तुती, आपलं पाप दिसावं म्हणून कृपेची मागणी, सकाळपासून आतापर्यंतचे तास क्रमाने तपासणं (आधी विचार, मग बोलणं, मग कृती), क्षमायाचना, आणि कृपेच्या बळावर सुधारण्याचा निश्चय. दहा-पंधरा मिनिटं पुरतात. उपकारस्तुती पहिली आहे ती मुद्दाम. मुलं ती गाळून थेट चुकांवर जातात, आणि आठवड्याभरात वही बंद पडते.

याशिवाय एकाच दोषासाठी वेगळं परीक्षण आहे. सकाळी उठताच त्या दोषाविषयी सावध राहायचं ठरवायचं. दुपारी आणि रात्री जितक्या वेळा घडला तितके ठिपके वहीत मांडायचे. दिवसाला दोन ओळी. मग दुपारची ओळ रात्रीच्या ओळीशी, कालचा दिवस आजच्याशी, आणि मागचा आठवडा या आठवड्याशी ताडून पाहायचा. दोष एकच घ्यायचा. राग, मोबाइल आणि हेवा तिन्ही एकदम घेतले की कशातच फरक दिसत नाही.

प्रार्थनेतल्या कोरडेपणाबद्दल इग्नेशियस यांचा नियम पक्का आहे: त्या काळात आधी केलेला निश्चय बदलायचा नाही. गट सोडणं, उपासना सोडणं, सेवा सोडणं हे निर्णय कोरड्या दिवसांत घ्यायचेच नाहीत. उलट प्रार्थनेची वेळ थोडी वाढवायची. तासभर ठरवलं असेल तर तासाच्या थोडं पुढे जायचं, कारण मोह नेमका वेळ कापण्याचा असतो. कोरडेपणाची कारणं ते तीन देतात: आपली हयगय, गोडी मिळत नसतानाही आपण किती टिकतो याची परीक्षा, आणि सांत्वन ही आपली कमाई नसून देणगी आहे हे उमगावं म्हणून. पहिलं कारण आधी तपासा. रात्री दीडपर्यंत जागून सकाळी प्रार्थनेत झोप येत असेल, तर बाकीच्या दोन कारणांपर्यंत जायची गरज नाही.

केडगाव_लोकल
मुलांना आपल्याच मातीतलं उदाहरण द्या. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेज इथे झाला. 1907 मध्ये लिहिलेल्या साक्षीत त्या स्पष्ट सांगतात की, साधारण आठ वर्षांनी त्यांना उमगलं: ख्रिस्ती धर्म मिळाला, पण खुद्द ख्रिस्त अजून मिळाला नव्हता. मधली वर्षं रिकामी नव्हती. अमेरिकेचा प्रवास झाला, 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन ही विधवांसाठीची शाळा सुरू झाली. काम मोठं असूनही आतलं काही बाकी राहू शकतं, हे गटात उत्साहाने सेवा करणाऱ्या मुलांना ऐकवण्यासारखं आहे.

लक्ष्मीबाई टिळकांचंही पाहा. त्यांचे पती रेव्हरंड टिळक यांचा बाप्तिस्मा 1895 चा, लक्ष्मीबाईंचा 1900 चा. मधल्या काळात सोवळं-ओवळं आणि जातीची भिंत मनातून उतरत गेली, आणि कोणी ओढून नेलं असतं तर ते तसं झालं नसतं.

फक्त आठ वर्षं किंवा पाच वर्षं हा आकडा कुणाला मोजपट्टी म्हणून देऊ नका.

जक्कय_उतर_खाली
वरचं सगळं मान्य, पण एक भाग सुटतोय. ज्या पापाने दुसऱ्याला इजा होते, त्याला सावकाश वाढीची सवलत नाही. लूक 19:8 मध्ये जकातदार जक्कय अर्धी मालमत्ता गरिबांना द्यायला आणि फसवून घेतलेलं चौपट परत करायला त्याच दिवशी उभा राहतो. स्वभाव सावकाश बदलेल, पण पैसे आज परत करायचे, हात उचलणं आज थांबवायचं. बायकोला मारणारा "देव माझ्यावर काम करतोय" म्हणत असेल, तर गटाने आधी त्या बाईची सुरक्षित राहण्याची सोय करावी. तिला धीर धरायला सांगू नये.

दारूबद्दलही. रोज भरपूर पिणाऱ्याला "प्रार्थना कर आणि आजपासून सोड" म्हणून घरी पाठवू नका. एकदम सोडल्यावर हातपाय थरथरतात, झटके येऊ शकतात, जीवही जाऊ शकतो. आधी डॉक्टर. तसंच प्रार्थनेच्या कोरडेपणाबरोबर झोप, भूक आणि कामातली गोडी दोन आठवडे गेलेली असेल, तर ते नैराश्य असू शकतं. तिथेही डॉक्टर, आणि मरणाचे विचार येत असतील तर त्याच दिवशी. आत्मपरीक्षणाची वही अशा वेळी बाजूला ठेवावी, कारण तो माणूस त्यात स्वतःवर आरोपच लिहीत जातो.

गटचालक
मनापासून आभार. हे शेवटचं मी लक्षात घेतलं नव्हतं. एक शंका: ठिपके मोजण्यातून मुलं पुन्हा स्वतःच्याच कामगिरीकडे पाहू लागणार नाहीत का? आणि वही कोणाला दाखवावी?

वसईची_वाट
धोका खरा आहे. दोन प्रकारे दिसतो: ठिपके कमी झाले की दुसऱ्यांविषयी बोलणं कडक होतं, किंवा वाढले की मूल प्रार्थनाच टाळतं. यातलं काही दिसलं की ठिपके बंद करा आणि नुसती उपकारस्तुती महिनाभर चालवा. ज्यांना क्षमा मिळाली यावर विश्वासच बसत नाही, तेच पाप पुन्हापुन्हा कबूल करतात, त्यांना ठिपके मुळीच देऊ नका.

वही गटात वाचायची नाही. महिन्यातून एकदा एकाच व्यक्तीला त्यातलं तोंडी सांगायचं. ती व्यक्ती विश्वासात वडीलधारी हवी, मुलींसाठी बाई आणि मुलांसाठी पुरुष, आणि शक्यतो नात्यातली नको. तिने विचारायचे प्रश्न दोनच: या महिन्यात देवाने काय केलं, आणि कोणाची माफी मागायची राहिली आहे. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आलं की माफी मागायची तारीख ठरवून उठायचं.