सीताफळावरचा पळणारा पांढरा किडा आणि खवल्याखालचे कोळी: फवारू का?

सासवडकरीण
नमस्कार मंडळी. सासवडजवळ आमची एक एकर सीताफळाची बाग आहे, बाळानगर जातीची, १६० झाडं. सासऱ्यांनी लावलेली, दोन वर्षांपासून मी बघते. यंदा फळं लिंबाएवढी झाली आणि पिठ्या ढेकूण, म्हणजे रस शोषणारा पांढरा पिठाळ किडा, दिसायला लागला. देठापाशी, फळाच्या डोळ्यांमधल्या खाचांत.

पण त्यातच आणखी एक पांढरा किडा आहे. अंगावर कापसासारखे लांब धागे, पिठ्याच्या दुप्पट-तिप्पट मोठा, बोट लावलं की भराभर पळतो. दुकानात फोटो दाखवला तर म्हणाले, पिठ्याचीच मोठी जात आहे, कडक औषध न्या.

दुसरं, बांधावरच्या आंब्याच्या पानांवर पांढरे खवले, म्हणजे खवले कीड, आहेत. मुलाच्या शाळेतल्या भिंगातून बघताना सुईनं एक खवला उचलला, तर खाली पिवळट, टाचणीच्या टोकाहून बारीक कोळी फिरत होते. कोळीनाशकही आणू का? उद्या सकाळी माणूस पंप घेऊन येणार आहे.

दिवेघाट
ताई, कोळी असेल तर वेळ घालवू नका. मागच्या साली आमच्या अंजिराची पानं लाल कोळीनं पार गेली.

जाधववाडीचा काका
ताई, आधी त्या माणसाला फोन करून उद्याचं थांबवा, मग पुढचं वाचा.

तो पळणारा किडा क्रिप्टोलिमस नावाच्या ढालकिड्याची अळी आहे. पिठ्यात राहते, पिठ्याच खाते, आणि दिसतेही तशीच. पिठ्या सुस्त असतो, तीन-चार मिलिमीटरचा. ही अळी वाढली की सेंटिमीटरच्या वर जाते. तिचा पुढे होतो तो भुंगेरा काळपट, डोकं आणि मागचं टोक नारिंगी. मूळचा ऑस्ट्रेलियाचा, १८९८ साली आपल्या देशात आणला. लोक हेक्टरी १,५०० भुंगेरे विकत आणून सोडतात, तुमच्याकडे आपल्या पायानं आलाय. बाग नवी होती तेव्हा मी या अळ्या वेचून वेचून चिरडल्या होत्या. त्या हंगामात पिठ्या आवरला नाही, आणि का ते कळायला मला दोन वर्षं लागली.

आता कोळी. दिवेघाट म्हणतात तो लाल कोळी पानाच्या खालून रस शोषतो, जाळी करतो, पान तांबूस पडतं. खवल्याखालचे कोळी वेगळे. काही बुरशी आणि मेलेल्या किड्यांची साल खाऊन जगतात, तर काही खुद्द खवले आणि त्यांची अंडी खातात. हेमीसारकॉप्टिस हा त्यातला एक. सफरचंदावरच्या खवल्यांसाठी कॅनडात १९१७ साली तो देशाच्या पूर्वेकडून पश्चिमेच्या बागांत नेऊन सोडला होता. त्याला पंख नाहीत. खवले खाणाऱ्या ढालकिड्याच्या कडक पंखांखाली चिकटून तो या झाडावरून त्या झाडावर जातो. तुम्ही ढालकिडा मारलात की त्याची वाटही बंद.

तुमचे कोळी नक्की कोणते हे भिंगातून सांगता येणार नाही. पण पानावर जाळी नसेल तर कोळीनाशकाचं काम नाही. त्यापेक्षा खवले नीट बघा. पाठीवर टाचणीनं टोचल्यासारखं गोल भोक असेल, तर आतून गांधीलमाशीच्या जातीची एक इवलीशी माशी खवला पोखरून बाहेर पडली आहे.

सुपेफाटा
मुंग्या आहेत का ताई? पिठ्याच्या अंगातून गोड चिकटा गळतो, त्यासाठी मुंग्या त्याची राखण करतात आणि ढालकिड्यांना हुसकून लावतात. त्या चिकट्यावरच कोळशी, म्हणजे काळी बुरशी, चढते. आंब्यावरचे कडक कवचाचे खवले चिकटा गाळत नाहीत, तिथे मुंग्या कमी असतील. जमिनीला टेकलेल्या फांद्या छाटा, खोडाजवळचं गवत काढा, खोडाला चिकट पट्टी गुंडाळा.

सासवडकरीण
पंपवाल्याला रात्रीच थांबवलं. सकाळी सगळी बाग फिरले. अकरा झाडांवर मुंग्यांची रांग, त्यातल्या नऊ झाडांच्या फांद्या गवतात टेकलेल्या. आंब्यावरचे दहा खवले मोजून बघितले, चारांना भोक आहे! जाळी कुठेच नाही. काका, सहा झाडांवर मात्र पिठ्या फार आहे. ती फळं तोडून टाकू का?

जाधववाडीचा काका
ज्या फळांवर पिठ्याचा थर बसलाय तेवढीच तोडा आणि खड्ड्यात गाडा. पण तोडायच्या आधी प्रत्येक फळ हातात फिरवून बघा, पळणारी अळी दिसली तर तिला शेजारच्या फांदीवर सोडा. आणि त्या नऊ झाडांच्या टेकलेल्या फांद्या आजच छाटा.