मदत हवी आहे: पुढच्या दातासाठी अबटमेंट स्टॉक (कंपनीचं तयार) घ्यावं की कस्टम (मापाने बनवून घेतलेलं)?

नमस्कार. आईच्या वरच्या पुढच्या दाताच्या जागी इम्प्लांट, म्हणजे हाडात बसवायचा स्क्रू, बसवून चार महिने झाले. हाडाने तो नीट धरलाय. आता इम्प्लांट आणि कॅप यांच्यामधला जोड, म्हणजे अबटमेंट, कोणतं घ्यायचं ते पुढच्या आठवड्यात सांगायचंय.

इम्प्लांट थोडा ओठाकडे कललाय. आमचे डॉक्टर म्हणतात, कंपनीचं तयार 15 अंशांचं अबटमेंट चालेल. दुसऱ्या डॉक्टरांना दाखवलं तर ते म्हणाले, इथे कस्टमच करा.

परवा हिरडीवरची चंदेरी टोपी काढली तेव्हा मी शेजारीच उभी होते. खाली हिरडीत अगदी गोल भोक. बाजूचा दात मात्र हिरडीतून बाहेर येतो तिथे तिकोनी आहे. आणि हिरडी एवढी पातळ, की खोली मोजायला आत घातलेली धातूची सळई बाहेरून करडी दिसत होती. आईची हसताना हिरडी दिसते. दात गेल्यापासून ती तोंडावर हात धरूनच हसते. तो हात खाली यावा, एवढंच हवंय मला.

टायटेनियम घ्यावं की झिर्कोनिया, म्हणजे पांढरं सिरॅमिक? आणि कॅप चिकटवायचं सिमेंट हिरडीत अडकतं म्हणतात, ते कितपत खरं?

प्रतिसाद

ताई, मी दातांचा डॉक्टर आहे. तोंड न बघता ठाम सांगणं बरोबर नाही, पण तुम्ही लिहिलंय त्यावरून मी कस्टमकडे झुकेन.

सिमेंटची भीती खरी आहे. पुढच्या दातांत हिरडी कमानीसारखी असते, दोन दातांच्या मधे दाताच्या टोकाकडे जास्त आलेली आणि ओठाच्या बाजूला कमी. तयार अबटमेंटची कड, म्हणजे जिथे कॅप येऊन टेकते ती रेषा, बहुधा सगळीकडून एकाच पातळीत असते. ओठाकडे ती बरोबर बसली तरी दातांच्या मधे खूप आत जाते, आणि तिथलं सिमेंट साफ करता येत नाही. ते राहिलं की हिरडी सुजते, पुढे हाडही झिजू शकतं. कस्टमची कड हिरडीच्या वळणाने कापता येते, साधारण 1 मिलिमीटरच्या आत ठेवून.

सळई दिसत होती म्हणजे टायटेनियमची छटाही दिसू शकते. झिर्कोनिया करा, पण इम्प्लांटमध्ये जाणारा भाग टायटेनियमचाच असू द्या; नुसता झिर्कोनिया तिथे घासला तर इम्प्लांटचा जोड झिजतो. गोल भोकाचं म्हणाल, तर आधी तात्पुरता दात बसवून काही आठवडे हिरडीला आकार देतात, मग माप घेतात. हे डॉक्टरांना जरूर विचारा.

दाढ असती आणि हिरडी उथळ असती, तर मीही तयारच बसवलं असतं.

धागाकर्ती

मनापासून आभार, डॉक्टर. कडेचं हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. तात्पुरत्या दाताला आई तयार आहे, सोमवारी आमच्या डॉक्टरांशी बोलते. तात्पुरता दात असताना ब्रश कसा करायचा, तेवढं सांगाल का?