वाड्यातलं दप्तर: घरी ठेवायचं, संस्थेला द्यायचं, की नेटवर टाकायचं?

माजघर
आमचा वाडा सातारा जिल्ह्यात. माळ्यावर ३४ रुमाल आहेत. (रुमाल म्हणजे कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा, नाक पुसायचा नव्हे.) मोडीतले ताळेबंद, निवाडे, चार महजर (गावसभेपुढे साक्षीनिशी झालेले निर्णयाचे कागद), बाकी देण्याघेण्याच्या चिठ्ठ्या. धाकटे काका म्हणतात, पुण्याच्या एखाद्या संस्थेला देऊन मोकळे व्हा. चुलतभाऊ न्यू जर्सीहून म्हणतो, फोटो काढून सगळं नेटवर टाका.

माझं मत: अस्सल कागद घरातच राहावेत, फोटो मागेल त्याला द्यावेत. कुठला कागद कशाच्या शेजारी बांधला होता, हीसुद्धा माहितीच आहे. संस्थेत गठ्ठा सुटतो, विषयवार लागतो, आणि आमच्या कारकुनाने लावलेली संगती कायमची जाते. कागद गेले की वाड्यात उरतं काय? सागवान आणि वटवाघळं.

बोरू_दौत
साफ विरोध. कारकुनाची संगती वगैरे ठीक आहे, पण श्रावणात त्या माळ्यावर एकदा चढून बघा. जुना हातकागद चिवट असतो, दोनशे वर्षं सहज काढतो. वाळवी, कसर आणि ओल यांच्यापुढे मात्र त्याचं काही चालत नाही. आणि खंडेनवमीला त्यावर हळदकुंकू वाहत असाल तर ते आधी थांबवा. कुंकवाचे डाग मी इतके पाहिलेत की वाळवी परवडली.

इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड १८९८ साली काढला, तो वाईत सापडलेल्या कागदांवर. पुढे २२ खंड झाले. कुणीतरी रुमाल सोडून हातात दिले म्हणून झाले. मेणवलीचा नाना फडणविसांचा वाडा अजून उभा आहे, पण नानांच्या दप्तरातलं जे वाचायला मिळतं ते जुने कागद जमवणाऱ्या इतिहासकार द. ब. पारसनिसांनी बाहेर काढलं म्हणून. त्यांचा साताऱ्याचा संग्रह १९३९ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आला.

माजघर
मेणवलीचं उदाहरण माझ्याच बाजूचं झालं की! माणसं घाटावर सेल्फी काढतात, आत भिंतींवरची चित्रं बघतात आणि परत जातात. त्या घरातून कारभार कसा चालायचा, हे सांगणारा कागद मात्र पुण्यात.

पावती_दाखवा
आजोबांनी एका संस्थेला (नाव घेत नाही) पाच रुमाल दिले. पावतीवर काय लिहिलंय? "जुने कागद, एक पेटी." वीस वर्षांनी आत्या बघायला गेली तर उत्तर मिळालं, अशी नोंद सापडत नाही. कागद तिथे असतीलही, पण आता ते आमचे असल्याचं सिद्ध कोण करणार? यादीशिवाय चिठोरंही देऊ नका. रुमाल क्रमांक, कागदांची संख्या, पहिल्या आणि शेवटच्या कागदाचा फोटो, आणि प्रत्येक पानावर घेणाऱ्याची सही.

शिवाय ५ जानेवारी २००४ ला पुण्याच्या भांडारकर संस्थेत जमाव घुसून नासधूस झाली, ते आठवा. सगळं एकाच छपराखाली ठेवण्यातही धोका आहे.

बोरू_दौत
दरोडा पडला म्हणून बँका बंद करायच्या का? १९६१ मध्ये पानशेत धरण फुटलं तेव्हा पुण्यात नदीकाठच्या पेठांमधल्या वाड्यांत पाणी शिरलं. तिथल्या घरगुती दप्तरांची मोजदाद कुणाकडे आहे? संस्थेतलं गेलं की निदान बोंब होते. घरातलं गेलं तर रद्दीवाल्यालाही पत्ता लागत नाही. यादीचं मात्र शंभर टक्के मान्य.

वाड्याची_सून
सगळे पुरुष कागद कुठे ठेवायचा यावर भांडताहेत. कागदात काय आहे, ते कुणी विचारलं का?

मी मोडी शिकले आणि सासरचं दप्तर स्वतः वाचायला घेतलं. तिसऱ्याच रुमालात एका विधवेचं प्रकरण निघालं: गावपंचांपुढची चौकशी, प्रायश्चित्त, साक्षीदार, सगळी नावं. त्यातल्या एका घराण्याची माणसं आजही आमच्या मागच्या आळीत राहतात. दुसऱ्या रुमालात कुणाची जमीन कशी गहाण पडली आणि कधीच सुटली नाही, त्याचा हिशेब. हे नेटवर टाकणार? आधी वाचा तरी.

आता दुसरी बाजूही सांगते. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि मोडी वाचणाऱ्याला एकदम भाव आला. आमच्या दारातही माणसं आली, "ताई, आमच्या पणज्याचं नाव असेल का हो तुमच्याकडे?" दोघांच्या नोंदी निघाल्या. सासरे रुमाल दाखवायलाच तयार नव्हते. म्हणाले, कागद बाहेर गेला की भाऊबंद कोर्टात जातात. त्यांची भीती उगाच नाही. इनाम जमिनींचे हक्क तपासणाऱ्या इंग्रजांच्या १८५२ च्या इनाम कमिशनपुढे कागद दाखवता आला नाही म्हणून कितीतरी इनामं गेली. कागद म्हणजे वतन, हे तेव्हापासून घराघरात मुरलंय. पण ज्याचं वतन कधीच नव्हतं, त्याचंही नाव याच कागदांत आहे, आणि ते आमच्या माळ्यावर अडकलंय.

चांदरकर
गोव्यातून. आमच्या चांदरचं ब्रागांझा घर पाहून या. घराचे दोन भाग, दोन कुटुंबं, माणसं तिथे राहतात आणि पाहुण्यांना फिरवून दाखवतात. एका भागात पाचेक हजार पुस्तकं आहेत. पाहुण्यांच्या देणगीचा आधार असतो, पण ती मिळते झुंबरं आणि नाचाचा दिवाणखाना पाहून. ताळेबंद बघायला पैसे देणारा मला अजून भेटलेला नाही. वाड्यात संग्रहालय करायचं मनात असेल तर माजघरांनी हे आधी गृहीत धरावं.

माजघर
संग्रहालयाचं मनात होतं, लपवत नाही. काल वहिनीला हाताशी घेऊन सहा रुमाल सोडले. दोन चांगले निघाले. तिघांत कसर. सहाव्यात बाबांनी कधीतरी फाटलेल्या महजराला सेलोटेप लावलेली, पिवळी पडून अक्षरांवर बसलीय. ती ओढून काढणार होतो, वहिनीने हात धरला.

उरलेल्या २८ रुमालांची यादी होईपर्यंत कुणालाच काही देत नाही, न्यू जर्सीलाही नाही. @वाड्याची_सून, दिवाळीनंतर दोन दिवस येऊ शकाल का? जाण्यायेण्याचं आमच्याकडे. @बोरू_दौत, ती सेलोटेप कोण काढून देईल, तेवढं सांगा.