घरचा ग्रुप: बाबांचा काचबिंदू आणि आपली तपासणी

ताई: बाबांचा रिपोर्ट आला. काचबिंदूच आहे. डाव्या डोळ्याचा दाब ३१, उजव्याचा २७. साधारण १० ते २१ असावा लागतो. सख्ख्या भावंडांनी आणि मुलांनी तपासून घ्या, असं डॉक्टरांनी दोनदा बजावलंय. म्हणजे काका, आत्या, दादा आणि मी.

काका: अगं, माझं बीपी गोळीवर १२८/८० आहे. मला कशाला?

ताई: काका, हे दोन दाब वेगळे. डोळ्यात पुढच्या बाजूला सतत पाणी तयार होतं आणि झिरपून जातं. ती वाट तुंबली की डोळ्याचा दाब चढतो, बीपी कितीही छान असलं तरी. आणि काहींना तर दाब नॉर्मल असूनही काचबिंदू होतो. म्हणून नुसता दाब मोजून परत येऊ नका, डोळ्याची नसही बघायला सांगा, काचबिंदूत तीच खराब होते.

आत्या: मी अजून चष्म्याशिवाय पेपर वाचते गं.

ताई: बाबाही वाचतात, आत्या! समोरचं शेवटपर्यंत दिसत राहतं, आजूबाजूचं आधी जातं. फील्ड टेस्टला, म्हणजे आजूबाजूचं किती दिसतं ते बघायच्या तपासणीला, ठिपका चमकला की बटण दाबायचं असतं. मी शेजारीच होते. मधेच त्यांचा अंगठा बराच वेळ हलला नाही, मला वाटलं डुलकी लागली. मग कागद हातात आला. वरचा भाग जवळजवळ सगळा काळा, म्हणजे तिथलं त्यांना दिसतच नाही. वर्षभर ते कपाटाच्या उघड्या दारावर डोकं आपटत होते आणि आपण म्हणत होतो, जरा बघून चाला. गेलेली नजर परत येत नाही. फार वाईट वाटतंय.

दादा: आनुवंशिक म्हणजे आपल्याला होणारच?

ताई: नाही रे. काही घरांत मायोसिलिन या एकाच जनुकातल्या बिघाडाने होतो, अगदी तरुणपणीही. बहुतेकांत पुष्कळ जनुकांचा थोडाथोडा हात असतो, बीपीसारखाच. पण रॉटरडॅमला झालेल्या अभ्यासात रुग्णांच्या सख्ख्या नातेवाइकांना आयुष्यभरात २२ टक्के धोका दिसला, इतरांना २.३.

काकू: ह्यांची बीपीची एक गोळी रात्रीची आहे. चालेल ना?

ताई: काकू, बंद अजिबात करू नका. पण डोळ्यांच्या डॉक्टरांना नक्की सांगा. काचबिंदू निघाला आणि झोपेत बीपी फार उतरत असेल, तर नसेला रक्त कमी पडतं. स्टेरॉइडचे थेंब किंवा गोळ्या कोणी घेत असेल तर तेही सांगा, त्याने डोळ्याचा दाब वाढू शकतो.

आत्या: शनिवारी येते मी.

ताई: चौघांची वेळ घेते. बाहुली मोठी करायचे थेंब घालतील, काही तास अंधुक दिसेल. गाडी कोणी चालवायची नाही.

काका: मग मला घ्यायला कोण येतंय?